सरांचा ट्रेलर : वर्कशॉपच्या वहीतून

18 नोव्हेंबर 2024

सर अमेरिकेहून आले आणि बॅगा घरी टाकून सरळ माझ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या वर्कशॉपवर. आम्हाला ते भूमिती शिकवायचे, म्हणून अजूनही ते आले की मी स्टूल सोडून उभा राहतो. त्यांचा मुलगा तिकडे इंडियानात असतो. त्यानं सगळ्यात स्वस्त गटातला, सोळा फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागं ओढायचं चाकांवरचं घर, घेतलाय आणि सर-काकू उन्हाळाभर त्यातून फिरले. एल्कहार्ट म्हणून गाव तिथून जवळ. अमेरिकेतले बहुतेक असे ट्रेलर त्याच भागात बनतात. तिथल्या संग्रहालयात सरांनी 1913 सालचा ट्रेलर पाहिला, त्याचा फोटो मला दाखवला. "हे पाह्य. शंभर वर्षांआधी यांना जमलं. तू ट्रॉल्या बनवतो, तुला काहून नाही जमणार?"

मागणी अशी : दोघांची झोप, सकाळचा चहा, रात्रीची खिचडी. आत सरांना ताठ उभं राहता आलं पाहिजे. ओढायला घरची बोलेरो. चिखलदऱ्याचा घाट चढला पाहिजे, लोणार, नवेगावबांध, मार्कंडा झालं पाहिजे. संडास नको. "पेट्रोल पंप आहेत, धर्मशाळा आहेत," सर म्हणाले. काकू काही बोलल्या नाहीत, म्हणजे हा विषय परत निघणार.

ट्रॉलीचं काम आणि हे काम यांत फरक एवढाच की ट्रॉलीत लोखंड घालताना आपण हात आखडत नाही. गिऱ्हाईक पान्यानं ठोकून पाहते, आवाज बद्द आला की खूश. इथे प्रत्येक किलोचा हिशेब द्यावा लागणार. पाण्यासामानासकट सगळं भरून 750 किलोच्या आत, असं ठरवलं. युरोपात 750 किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे नाहीत, तिथून हा आकडा घेतला. ब्रेक मात्र मी लावणारच. बोलेरोचं इंजिन 75 अश्वशक्तीचं, आणि खाली उतरताना अश्वशक्ती कामाची नसते.

24 नोव्हेंबर

रविवार. सरांच्या ओसरीवर बसून मुलाच्या आणि त्याच्या ट्रेलरवाल्या मित्रांच्या तक्रारी उतरवून घेतल्या. सर वहीत तारखेनिशी लिहून आणतात. माणूस रिटायर झाला, मास्तर नाही झाला.

पहिली तक्रार वजनाचीच. जाहिरातीत लिहिलेलं असतं ते कोरडं वजन. त्यात पाणी नाही, बहुतेकदा बॅटरी आणि गॅसची टाकीही नाही. दाराच्या आत एक पिवळा कागद चिकटवलेला असतो, त्यावर यापेक्षा जास्त सामान भरू नका असा आकडा. मुलानं तो कागद घेतल्यावर कितीतरी दिवसांनी वाचला. 30 गॅलनची पाण्याची टाकी भरली की 113 किलो तिथंच संपतात. मग खुर्च्या, भांडी, गाद्या, जॅक, पोरांच्या सायकली. पैशासाठी हलका ट्रेलर घेणाऱ्याला सामान भरायची मुभाही हलकीच मिळते, हे बऱ्याच जणांना घेतल्यावर कळतं.

दुसरी, पाणी झिरपणं. छताला आणि खिडक्यांना जोड फार, जोडावर लावलेला लेप उन्हानं भेगाळतो आणि पाणी भिंतीत शिरतं. भिंत म्हणजे पातळ प्लाय, मधे फोम, बाहेर फायबरची कातडी. पाणी शिरलं की कातडी फुगून सुटते. बाहेरून फुगवटा दिसतो तोवर आतलं प्लाय कुजलेलं असतं.

तिसरी, टायर. ट्रेलर वर्षातून महिनाभर चालतो, बाकी उन्हात उभा. नक्षी शाबूत दिसते, रबर मेलेलं असतं. जाणकार तिकडे पाच-सहा वर्षांनी टायर बदलूनच टाकतात. शिवाय बऱ्याच ट्रेलर-टायरची वेगमर्यादा ताशी 65 मैल, म्हणजे 105 किलोमीटरच असते आणि लोक त्याच्या वर दामटतात.

चौथी काकूंनी सांगितली. टेबल-बाकडं मोडून रात्री बिछाना करायचा, सकाळी बिछाना मोडून परत बाकडं. "दोन दिवस गंमत वाटते. मंग हे बाहेर खुर्चीवर, अन् मी आत पलंग जोडत." सरांच्या वहीत ही तक्रार नव्हती.

5 डिसेंबर

अमरावतीला आरटीओत. एजंटाला न भेटता चित्र घेऊन थेट निरीक्षकांना दाखवलं, तेच बरं झालं. ट्रेलर हे कायद्यानं वेगळं वाहन, त्याची नोंदणी वेगळी. फॉर्म 20 अर्जाचा, 21 विक्रीचा, आणि 22 म्हणजे बनवणाऱ्यानं द्यायचा दाखला की गाडी नियमांत बसते. बॉडी वेगळीकडे बांधली तर 22-ए, त्यात सांगाडेवाल्याचा भाग वेगळा, बॉडीवाल्याचा वेगळा. घरी सांगाडा जोडून तो रस्त्यावर आणणं जमणार नाही. मंजुरी असलेल्या कारखान्यातूनच सांगाडा घ्यायचा, आणि बॉडीच्या कागदांचं आधी नक्की करून मगच पत्र्याला हात लावायचा.

कायद्याचं कलम 61 त्यांनीच दाखवलं : ट्रेलरचा स्वतःचा नंबर बाजूला, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागं. आपल्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉलीवाले यातलं किती पाळतात ते सांगायची गरज नाही.

राज्य सरकारनं 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं, त्याबद्दलही विचारलं. ते धंदा करणाऱ्यांसाठी, जागा आणि पार्क उभारणाऱ्यांसाठी. सरांसारख्या घरगुती माणसाला त्यातून फार काही नाही.

19 डिसेंबर

सांगाडा आला. एकच आक, म्हणजे दोन चाकांमधला दांडा, पट्ट्यांचे स्प्रिंग, पुढं गाडीमागच्या 50 मिलिमीटर बॉलवर बसणारा कपलर, त्यात ओव्हररन ब्रेक. पुढची गाडी मंदावली की ट्रेलर तिला ढकलतो, त्या ढकलण्यानंच कपलरचा दांडा आत सरकतो आणि ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक ओढतो. वायर नाही, नळी नाही. ट्रॉलीच्या कडी-खिळीसारखी खडखडही नाही.

हब (चाक ज्यावर बसतं ते) मात्र बोलेरोचेच मागवले होते, म्हणजे दोन्हींत मिळून एक स्टेपनी पुरते. दुकानदारानं पहिल्यांदा भलतेच पाठवले, परत करण्यात आठवडा गेला.

आक कुठं बसवायचा यावर दुपार गेली. सरांच्या वहीत आहे की अमेरिकेत ट्रेलरच्या एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भार पुढच्या बॉलवर ठेवतात. युरोपात कमी ठेवतात, पण तिथल्या ट्रेलरची घडण आणि वेग दोन्ही वेगळे. बॉलवर भार कमी पडला तर वेगात शेपूट हलायला लागतं, आणि एकदा लय धरली की ट्रेलर गाडीलाच घेऊन रस्त्याखाली जातो.

बाबा बाजेवर बसून ऐकत होते. जन्मभर बंड्या, म्हणजे बैलगाड्या, केल्या त्यांनी. म्हणाले, "त्यात कायचे टक्के? बंडी भरतानी माल आकाच्या जरासा पुढं पाह्यजे. मांगं गेला का उलाळ होते, बंडी मांगं कलते, बैलाच्या गळ्याले फास बसते. लय पुढं गेला का खांदे सोलून निघते." सरांनी लगेच कागद घेऊन तराजूचा नियम मांडला. कपलर ते आक अंतर 2.95 मीटर धरलं, 11 टक्के भार पाहिजे, तर सगळ्या वजनाचा मध्य आकाच्या पुढं सुमारे 32 सेंटिमीटर यायला हवा. बाबांनी वीत धरून दाखवली आणि वर चार बोटं ठेवली. तेवढंच भरलं.

आक पेटीच्या मध्याच्या एक वीत मागं. यू-बोल्टची भोकं लांबट ठेवली, थोडं मागंपुढं सरकवता येईल.

बोलेरोची हिच (ट्रेलर अडकवायची जोडणी) बंपरला नाही, चासीच्या दोन्ही रुळांना धरून. सुरक्षेच्या साखळ्या कपलरखाली फुली करून. कपलर निसटलाच तर दांडा त्या फुलीत पडतो, डांबरात रुतत नाही.

2 जानेवारी 2025

भिंती कशाच्या? पेटी 3.05 मीटर लांब, 1.70 रुंद, 1.85 उंच. फरशी सोडून चार भिंती आणि छत मिळून सुमारे 23 चौरस मीटर.

सोपा रस्ता कोल्ड स्टोरेजच्या पफ पॅनेलचा. संत्र्याच्या भागात तो कुठंही मिळतो, लावणारे कारागीरही आहेत. पण दोन्हीकडे अर्धा मिलिमीटर पोलादी पत्रा आणि मधे 50 मिलिमीटर फोम म्हणजे चौरस मीटरला जवळपास 10 किलो. त्याऐवजी बाहेरून 0.8 मिलिमीटर ॲल्युमिनियम (2.2 किलो), मधे 40 मिलिमीटर एक्सपीएस, म्हणजे घट्ट थर्माकोलसारखा, फोम (1.3 किलो), आतून 4 मिलिमीटर प्लाय (अडीच किलो) : सगळं मिळून 6 किलो. एकूणात 90 किलोचा फरक. म्हणजे काकूंचा अख्खा स्वयंपाक आणि पाण्याची टाकी.

पफ पॅनेलवाल्यानं फोनवर मला वेड्यात काढलं. त्याचा माल चांगला आहे, पण तो जागेवर उभं राहणाऱ्या खोलीसाठी.

14 जानेवारी

संक्रांत. काम बंद. सरांकडे तिळगूळ आणि ट्रेलरला खिडक्या किती यावर वाद. दोन मोठ्या, एक छोटी. प्रत्येक खिडकी म्हणजे गळायची एक जागा, हे मी चारदा सांगितलं.

27 जानेवारी

छत. ॲल्युमिनियमचा पत्रा चार फुटी येतो, आपली रुंदी साडेपाच फुटांवर, म्हणजे जोड आलाच. जोड म्हणजे सरांच्या वहीतली दुसरी तक्रार.

कॅनडात विनिपेगला 1968 मध्ये बोलर नावाचा ट्रेलर निघाला, फायबरचा. वरचा अर्धा, खालचा अर्धा, कमरेत एकच जोड. मिनेसोटात बॅकस गावी स्कॅम्पवाले अजून त्याच पद्धतीनं बनवतात. पन्नास वर्षांपूर्वीचे तसले ट्रेलर अजून चालतात आणि जुन्यालाही गिऱ्हाईक असतं, असं सरांच्या मुलानं कळवलं. त्याचा स्वतःचा साधा खोकेवाला, त्याला दरवर्षी शिडी लावून छताचे सगळे जोड तपासावे लागतात.

अख्खा ट्रेलर फायबरमध्ये ओतायचा तर आधी साचा लागतो, एका नगासाठी तो परवडत नाही. पण छत तेवढं एकसंध होऊ शकतं. नागपूरला हिंगणा एमआयडीसीत थंड माल वाहणाऱ्या ट्रकच्या बॉड्या बांधणारे आहेत, त्यांच्याकडून 2 मिलिमीटरची पांढरी फायबर शीट एका तुकड्यात कापून आणली. वजन सोळा किलोच्या आसपास. मधोमध फुगवटा दिला, पाणी थांबायला नको. शीट भिंतीवरून तीन बोटं खाली वळवली. छताला जोड कुठंच नाही, फक्त कडेला.

कडेला ब्यूटाईलची चिकट रबरी टेप, वर पट्टी, वर पॉलियुरेथेन सीलंट. सिलिकॉन नाही. एकदा सिलिकॉन लावलं की नंतर त्यावर दुसरं काही धरत नाही, खरवडत बसावं लागतं.

10 फेब्रुवारी

आतली मांडणी. सगळ्यात जास्त वेळ यात गेला, आणि खरं डोकं काकूंचं चाललं.

सरांना नेटवरच्या चित्रातलं मागं उघडणारं स्वयंपाकघर पाहिजे होतं. झाकण वर उचललं की मागं ओटा. दिसायला देखणं. पण गॅस, भांडी, पाणी, किराणा सगळं शेपटीत, म्हणजे नुसती उलाळ. छोट्या टीअरड्रॉप (थेंबाच्या आकाराच्या) ट्रेलरमध्ये ते चालतं, कारण त्यांचा आकच बराच मागं घेतलेला असतो. आपला आक बसून गेलाय. काकू म्हणाल्या, "मागं ओटा केला तं पाऊस आला की मी भिजन आन हे आत बसून चहा मागन." विषय संपला.

पलंग कायमचा, मागच्या भिंतीला आडवा. खाली फक्त कपडे-पांघरुणं, म्हणजे मागची बाजू हलकी. ओटा दाराजवळ, आकाच्या थोडा पुढं. पाण्याची 40 लिटरची टाकी बरोबर आकावर, म्हणजे भरली काय, रिकामी काय, बॉलवरचा भार फारसा हलत नाही. गॅसचा खण बाहेरून उघडणारा, नाकाजवळ. त्याच्या तळाला भोकं, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. घरची 14.2 किलोची टाकी नाही घ्यायची. तेवढं तर गॅसचंच वजन, टाकीचं पोलाद वेगळं. पाच किलोची छोटी.

मग काकूंनी घरून सामान आणलं आणि एकेक वस्तू कापसाच्या प्लॅटफॉर्म काट्यावर ठेवली. बिडाचा तवा गेला, ॲल्युमिनियमचा आला. पाच लिटरचा कुकर गेला, तीनचा राहिला. खलबत्ता मात्र त्यांनी सोडला नाही. त्याच्या बदल्यात सरांच्या दोन लोखंडी खुर्च्या उतरवल्या. बरोबरच केलं.

फर्निचरला 6 मिलिमीटर प्लाय, कडेला ॲल्युमिनियमची चौकट. तिकडच्या स्वस्त ट्रेलरांत लाकडाला नुसत्या पिना मारलेल्या असतात, खड्ड्यांत त्या निघतात. आमच्याकडचे रस्ते पाहता प्रत्येक जोडाला गोंदही आणि नटबोल्टही, हादऱ्यानं न सुटणारे नायलॉक नट. कपाटांना चुंबकाची कडी चालणार नाही, दाबून उघडायची लावली.

26 फेब्रुवारी

महाशिवरात्र. सालबर्डीच्या यात्रेला अर्धा तालुका. वर्कशॉप बंद.

8 मार्च

वायरिंग. सात पिनांचा प्लग, ब्रेक-लाईट, इंडिकेटर, मागं परावर्तक पट्ट्या. आत लिथियम बॅटरी 100 ॲम्पिअर-अवरची, बारा-तेरा किलो. तेवढ्याच ताकदीची शिशाची घेतली असती तर दुपटीहून जड.

सरांनी एसी काढलाच. तिकडच्या ट्रेलरांवर 13,500 बीटीयूचा एसी असतो, म्हणजे एक टनाच्या जरा वर, पण तो कॅम्पग्राउंडच्या 30 ॲम्पिअरच्या खांबाला प्लग लावून चालतो. आपल्या बॅटरीत सव्वा युनिट वीज. एक टनाचा एसी तासाला युनिटभर खातो. म्हणजे तासभर गार, मग रात्रभर घाम. जनरेटर लावला तर शेजारचा झोपत नाही. छताला 12 व्होल्टचा पंखा, बाहेर हवा फेकणारा, आणि खिडकीत छोटा कुलर. कुलर कोरड्या वैशाखात काम करतो, पावसाळ्यात नाही.

22 मार्च

काटा. जिनिंगच्या धर्मकाट्यावर सीझन ओसरलाय, काटेवाला निवांत होता. बोलेरोला जोडलेला असताना फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर घेतली : 500. काटेवाला म्हणाला, "पाचशे किलो, लिहू का?" नाही. बॉलवरचा भार बोलेरोच्या अंगावर आहे, तो यात धरलेला नाही. ट्रेलर सोडून नाकाखाली प्लॅटफॉर्म काटा ठेवला : 62. म्हणजे रिकामा ट्रेलर 562 किलो, आणि भार 11 टक्के. कागदावर मी 525 धरलं होतं. वरचे सदतीस किलो गोंद, सीलंट, बोल्ट, रंग आणि सरांची तिसरी खिडकी.

750 मधून 562 वजा जाता 188 उरतात. पाणी 40, गॅस टाकीसकट बारा-तेरा, गादी, कुलर, भांडीकुंडी, किराणा, कपडे, दोन हलक्या खुर्च्या. सगळं भरून परत मोजलं : एकूण 740, बॉलवर 84. दहा किलो शिल्लक. सरांनी ते लगेच पुस्तकांच्या नावानं लिहून टाकले.

बाबाही आले होते. रिकाम्या ट्रेलरच्या मागच्या कडेला त्यांनी सोयाबीनची तीन पोती ठेवायला लावली, पन्नास-पन्नास किलोची. मग सरांना म्हणाले, उचला नाक. सरांनी एका हातानं कपलर उचलला. आधी दोन्ही हातांनी हललाही नव्हता. एकूण वजन वाढलं आणि बॉलवरचा भार जवळजवळ गेला. हे हायवेवर वेगात समजण्यापेक्षा जिनिंगच्या अंगणात समजलेलं चांगलं. सरांना तरी तोंडपाठ करायला लावलं : शेपूट हलायला लागलं तर करकचून ब्रेक नाही, स्टिअरिंगशी झटापट नाही, पाय ॲक्सिलरेटरवरून हळू काढायचा आणि गाडी सरळ ठेवायची. नंतर थांबून सामान पुढं घ्यायचं. ताशी साठच्या वर जायचंच नाही, हा माझा नियम. सर तो किती पाळतील ते काकूंवर अवलंबून.

30 मार्च

पाडवा. ट्रेलरला हार घातला, नारळ फोडला, मोर्शी-वरुड रस्त्यावर जाऊन आलो. ओढायला जाणवत नाही असं नाही, चढावर एक गिअर खाली यावं लागतं. आरशात कडा दिसत नाहीत, म्हणून बोलेरोला लांब दांड्यांचे आरसे. गतिरोधकावर आधी बोलेरो आणि मग ट्रेलर, दोनदा हळू व्हायचं.

मागं घेणं मात्र कोणाला जमेना. स्टिअरिंग डावीकडं तर ट्रेलर उजवीकडं, आणि छोटा असल्यानं तो झटक्यात दुमडतो. लांब ट्रॉली त्या मानानं सबुरीनं वळते. शेवटी शेजारच्या वावरातून ट्रॅक्टर ड्रायव्हरला बोलावलं. त्यानं स्टिअरिंगच्या खालच्या कडेला हात धरला, "मांगचं जिकडं न्याचं तिकडंच हात न्याचा, बस," आणि एका दमात गोठ्याच्या फाटकातून आत लावला. सर त्याला "शाब्बास" म्हणाले, तो लाजला. तोही त्यांचाच विद्यार्थी निघाला.

मागं घेताना ओव्हररन ब्रेक धरतो, कारण त्याला वाटतं गाडी मंदावली. कपलरची अडकण खाली करून मगच रिव्हर्स. सरांच्या डॅशबोर्डवर चिठ्ठी चिकटवली.

20 एप्रिल

कागद पूर्ण झाले, नंबर आला. आता उन्हात परीक्षा. दुपारी दोनला बाहेर 43, सावलीत. ट्रेलर बंद ठेवला तर आत 46. पंखा चालू, दोन खिडक्या उघड्या : थोडं उतरलं. कुलर लावल्यावर 33 पर्यंत आला, पण पाणी भसाभस जातं. 40 लिटरमध्ये माणसांनी प्यायचं की कुलरनं, असा प्रश्न. छत पांढरं आहे म्हणून एवढ्यावर निभावलं.

काकूंचा निकाल : एप्रिल-मेमध्ये सपाटीवर कुठं जायचं नाही. गेलोच तर ट्रेलर सामानाला, आणि झोपायला बाहेर बाज. विदर्भातलं माणूस उन्हाळ्यात तसंही अंगणातच झोपतं. मला हे पटलं. ट्रेलरचा खरा हंगाम दसऱ्यानंतर ते होळीपर्यंत, आणि उन्हाळ्यात फक्त चिखलदरा.

12 मे

सर-काकू चिखलदऱ्याला निघाले, मी सोबत बोलेरोत. परतवाड्याला चहा, तिथं दोन्ही हबना हात लावून पाहिलं. कोमट. बेरिंग जळायच्या आधी हब सांगतो, फक्त हात लावायची सवय पाहिजे. धामणगाव गढीच्या पुढं घाट सुरू. चिखलदरा सुमारे 1,100 मीटरवर. चढताना दुसरा गिअर, इंजिनच्या काट्यावर नजर, मागं गाड्यांची रांग झाली की जागा पाहून बाजूला घ्यायचं. वळणावर ट्रेलर आतली कडा कापतो, म्हणून वळण जरा बाहेरून. समोरून एसटी आली तिथं सरांनी श्वास रोखला, ड्रायव्हरनं मात्र ट्रेलरकडं पाहून हात केला.

व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वाटेल तिथं मुक्काम करता येत नाही, आणि करूही नये. एका लॉजच्या आवारात पैसे देऊन जागा घेतली, तिथला संडास वापरायला मिळाला. काकूंचा विषय तूर्त मिटला. रात्री पांघरूण लागलं.

खड्ड्यांनी काय काय ढिलं केलं ते सकाळी पाहिलं. ओट्याच्या ड्रॉवरची कडी, एका खिडकीचा स्क्रू, पाण्याच्या नळीची क्लिप. बाकी जागेवर. डाळीचा डबा कपाटात उपडा झाला होता, तो माझ्या खात्यात नाही.

उतरताना मी चालवली. ओव्हररन ब्रेकवर घाट उतरायचा तर ड्रम तापतात, म्हणून चढलो त्याच गिअरात उतरलो आणि गाडीचे ब्रेक थोडे थोडे मारले. खाली आल्यावर ड्रम गरम होते, पण वास नव्हता.

16 जून

रात्री दमदार पाऊस. सकाळी सरांचा फोन, "आत पाणी आहे." गेलो. छत कोरडं, खिडक्या कोरड्या, भिंती कोरड्या. ट्रेलर दाराच्या बाजूला कलता उभा होता, छताचं सगळं पाणी दाराच्या वरच्या फटीवर कोसळत होतं. दारावर ॲल्युमिनियमची पन्हळ बसवली, दोन्ही टोकं दाराच्या बाहेर काढली. उभा करताना नाक थोडं खाली आणि दाराची बाजू थोडी वर, असं सांगून आलो. प्लाय ओलं झालं होतं ते पंख्यानं वाळवलं, फुगलं नाही.

त्याच दिवशी शेतातल्या ट्रेलरचा किस्सा. सरांच्या जावयांनी कौतुकानं तो बोलेरोनं धुऱ्यापर्यंत नेला. काळी माती, वरून पाऊस. एका आकाचा ट्रेलर चाकाच्या निम्म्यापर्यंत गेला, नाकाखालचं टेकूचं छोटं चाक तर दिसेना. ट्रॅक्टरनं ओढून काढला. हिचला काही झालं नाही. पावसाळ्यात काळ्या मातीवर उतरवायचाच नाही, आणि मुरमावरही छोट्या चाकाखाली फळीचा तुकडा.

4 जुलै

ट्रेलर शेडमध्ये. चाकं जमिनीवरून उचलून लाकडी ठोकळ्यांवर, टायरवर गोणपाट. गॅस काढला, टाकी रिकामी, खिडक्या बोटभर उघड्या, बॅटरी घरात. दसऱ्याच्या आधी बेरिंग उघडून नवं ग्रीस, कडेचा सीलंट नखानं तपासायचा. लोणारचा बेत ऑक्टोबरचा.

वरुडकडचे एक संत्रा व्यापारी येऊन ट्रेलर पाहून गेले. त्यांना असाच पाहिजे, पण आत संडास, टीव्ही आणि चार जणांची झोप. ओढायला अल्टो. अल्टोचं स्वतःचं वजनच सातशे-साडेसातशे. मी नाही म्हटलं नाही. सामानाची यादी करा, एकेक वस्तू काट्यावर ठेवा आणि बेरीज घेऊन या, म्हटलं. अजून आले नाहीत.